पेट्रोलला पण एक्स्पायरी असते का हो ताई?

मागच्या अंकात एका वाचकाच्या हट्टी जनरेटरबद्दल लिहिताना मी सहज म्हणून गेले की कॅनमधलं पेट्रोल जुनं असणार, ते आधी काढून टाका, आणि त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त साठवलेल्या पेट्रोलवरच बोलायचं ठरवलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि दोनतीन जणांनी मला रागावून लिहिलंय त्यांचंही घेतलंय.

प्रश्न: ताई, लाईट गेली की जनरेटर लागतो म्हणून २० लिटरचे तीन कॅन भरून बाहेरच्या शेडमध्ये ठेवलेत. दीड वर्ष झालं, झाकणं घट्ट आहेत, कुणी हातही लावलेला नाही. पेट्रोल म्हणजे काय औषध आहे का तारीख उलटायला?

उलटते हो, फक्त कॅनवर छापलेली नसते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा की पेट्रोल हा एक पदार्थ नाहीच, शेकडो हायड्रोकार्बनची सरमिसळ आहे ती. त्यातले काही इतके हलके की ३० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, आणि काही इतके जड की २०० अंशांपर्यंत दम धरून बसतात. गार इंजिन पहिल्या किकला पकडतं ना ते या हलक्या मंडळींच्या जिवावर, कारण गारठ्यात वाफ होते ती त्यांचीच, जड असतात ते नुसते ओले होऊन सिलिंडरच्या भिंतीला चिकटतात. आणि झाकण सैल राहिलं की सगळ्यात आधी पळून जातात तेही हेच हलके. म्हणून जुनं पेट्रोल कधीकधी पेटतं मस्त पण इंजिन काही स्टार्ट होत नाही, आणि मालक म्हणतो अहो पेट्रोल तर चांगलंय, काडी लावली की भडकतं! (काडी लावून बघू नका, हे मला खरंच एकाने पत्रात लिहिलंय.)

हा झाला उडण्याचा रस्ता. दुसरा रस्ता सडण्याचा, आणि तो झाकण घट्ट असलं तरी चालूच राहतो. रिफायनरीत जड तेलाचे मोठे रेणू तोडून पेट्रोल करतात, त्या तोडफोडीत ओलेफिन नावाचे रेणू तयार होतात, त्यांच्यात कार्बनचा दुहेरी बंध असतो आणि ऑक्सिजनची नजर नेमकी त्याच्यावर असते. कॅनमध्ये वर जी हवा उरलीये तेवढा ऑक्सिजन सुरुवातीला पुरतो. आधी पेरॉक्साइड होतात, ते शेजारच्या रेणूंना बिघडवतात, ते पुढच्यांना, अशी साखळी लागते आणि शेवटी लांबलचक चिकट रेणू तयार होतात, त्यालाच मेकॅनिक लोक गम म्हणतात, दिसायला डिंकासारखा आणि वाळला की वार्निशसारखा कडक.

आता रिफायनरीवाले काही वेडे नाहीत, ते पेट्रोलमध्ये आधीच अँटिऑक्सिडंट टाकतात. पण ते थोडं असतं आणि ऑक्सिजनला अडवता अडवता स्वतः खर्च होत जातं, त्यामुळे गंमत अशी की पेट्रोल रोज थोडं थोडं खराब होतंय असं दिसत नाही, बरेच दिवस ठीक असतं, ठीक असतं, आणि राखण संपली की भराभर घसरतं. लॅबमध्ये याचीच टेस्ट करतात, पेट्रोल बंद भांड्यात ऑक्सिजनच्या दाबाखाली १०० अंशांना तापवायचं आणि दाब कधी झपकन पडतो ते बघायचं, म्हणजे पेट्रोलने ऑक्सिजन गिळायला सुरुवात केली. अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे निदान २४० मिनिटं टिकलं पाहिजे, युरोपियनप्रमाणे ३६० मिनिटं. ही झाली पंपावरच्या ताज्या पेट्रोलची गोष्ट, तुमच्या शेडमधल्याची नाही.

मग घरात किती टिकतं? तेल कंपन्यांचा जो ठोकताळा आहे तो मी बरीच वर्षं वापरतेय आणि अजून तरी खोटा ठरला नाहीये. सीलबंद भांड्यात, सावलीत साधारण १ वर्ष. एकदा उघडलं की २० अंशांच्या हवेत ६ महिने आणि ३० अंशांच्या हवेत ३ महिने. मशीनच्या स्वतःच्या टाकीत तर महिनाभरच धरा, कारण टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला भोक असतं. २० आणि ३० अंशांतला फरक बघितलात का, १० अंश वाढले आणि आयुष्य निम्मं झालं. म्हणून पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये घट्ट झाकणाचाही काही उपयोग होत नाही, सावली आणि गारवा हे अर्धं काम आहे.

तर तुमचं दीड वर्षाचं पेट्रोल. मोकळ्या हवेत, आजूबाजूला काही पेटतं नाही हे बघून, स्वच्छ काचेच्या बरणीत थोडं काढा. ताजं पेट्रोल स्वच्छ पारदर्शक असतं (रंग घातलेला असला तरी आरपार दिसतं). तुमचं गढूळ, गडद, लालसर दिसतंय का बघा. वास मुद्दाम नाक खुपसून घेऊ नका, पेट्रोलमध्ये बेंझिन असतं आणि ते कॅन्सरशी जोडलेलं आहे, पण झाकण उघडताना आला तेवढा वास पुरतो, जुन्याचा वास आंबूस, वार्निशच्या डब्यासारखा येतो, तो एकदा कळला की जन्मात विसरत नाही. मग स्वच्छ काचेच्या तुकड्यावर चारपाच थेंब टाका आणि उडू द्या. ताजं असेल तर जवळपास काही उरत नाही, लॅबची मर्यादा तर १०० मिलिलिटरमागे ५ मिलिग्रॅम गम एवढीच आहे. तुमच्या काचेवर पिवळट कडं राहिलं आणि बोट लावल्यावर चिकटलं तर ते तीनही कॅन जनरेटरला दाखवू सुद्धा नका.

आणि पुढच्या वेळी साठवूच नका, फिरवा. तीन कॅन आहेत ना, दर दोन महिन्यांनी सगळ्यात जुना कॅन कारच्या टाकीत ओता आणि तो ताजा भरून आणा. असं केलं तर कुठलाच कॅन सहा महिन्यांच्या पुढे जात नाही, पैसे वाया जात नाहीत आणि ऐनवेळी जनरेटर रुसत नाही. लोक मला स्टॅबिलायझरची (पेट्रोल टिकवायला त्यात टाकायच्या औषधाची) नावं विचारतात, भांड्यांची नावं विचारतात, आणि हा उपाय सांगितला की चेहरा पडतो, कारण यात विकत घेण्यासारखं काही नाही.

प्रश्न: आमच्याकडे मिळतं त्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं म्हणतात. अर्धा भरलेला कॅन ठेवला तर पाणी होतं का खरंच?

इथेनॉलला पाण्याची ओढ आहे हे खरं, पण त्यावरून लोकांनी जो बाऊ करून ठेवलाय तो बंद कॅनला लागू पडत नाही. हिशोब करून बघू. २० लिटरचा कॅन अर्धा भरलाय, म्हणजे वर १० लिटर हवा. ३० अंशांच्या अगदी ओथंबलेल्या दमट हवेत सुद्धा एका घनमीटरला ३० ग्रॅमच पाणी असतं, म्हणजे १० लिटरमध्ये ०.३ ग्रॅम. चारदोन थेंब झाले जेमतेम. आणि १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल १५ अंशांना साधारण अर्धा टक्का पाणी पोटात विरघळवून ठेवू शकतं, म्हणजे १० लिटर पेट्रोलमध्ये ५० मिलिलिटर. आता ५० मिलिलिटर गाठायला ती वरची हवा किती वेळा बदलायला लागेल बघा, दीडशेच्या वर वेळा! बंद झाकणात ते होत नाही.

मग पाणी येतं कुठून? बहुतेक वेळा झाकणातून. वॉशर फाटलेला, कॅन उघड्यावर, झाकणाच्या खोबणीत पावसाचं पाणी साचतं, रात्री गार झाल्यावर कॅन आत हवा ओढतो आणि तिच्याबरोबर ते साचलेलं पाणीही आत. नाहीतर ओलं नरसाळं. किंवा मशीनची श्वास घेणारी टाकी महिनोन्महिने ओल्या जागेत.

आणि एकदा का मर्यादा ओलांडली की जे होतं ते बघण्यासारखं आहे. इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर जातं आणि दोघं मिळून तळाशी बसतात, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड, पाण्याची घनता १ धरली तर पेट्रोलची ०.७२ ते ०.७८ च्या मधली. बरणीत बघितलं तर मधोमध काचेसारखी रेघ दिसते. टाकीतून पाइप निघतो तो तळातून, म्हणजे इंजिनला आधी मिळतो तो पाणी आणि इथेनॉलचा थर, त्यावर ते एकदोन आचके देऊन बंद पडतं, वर पत्र्याच्या टाकीला गंज. उरलेलं वरचं पेट्रोलही पहिल्यासारखं नाही, इथेनॉलमुळे मिळालेला ऑक्टेनचा (खडखड न करता जळण्याच्या ताकदीचा) वाढीव भाग त्याच्यातून निघून गेलेला असतो, त्यामुळे ते इंजिनमध्ये खडखडू शकतं. हलवून परत एक होईल का, तर नाही, थोड्या वेळाने परत वेगळं होतं. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते म्हणून दुपारी चांगलं दिसणारं पेट्रोल पहाटे फुटलेलं सापडतं.

तुमच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते घरीच कळतं. मोजपट्टी असलेल्या उभ्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर पाणी घ्या, त्यावर ९० मिलिलिटर पेट्रोल ओता, बूच लावून हलवा, मधेमधे बूच सैल करून वाफ सोडा, आणि शांत ठेवून द्या. खालचा थर १० चा १९ झाला तर ते ९ मिलिलिटर इथेनॉल, म्हणजे १० टक्के. मापात थोडं इकडेतिकडे होतं पण अंदाजाला पुरतं. ते पेट्रोल परत टाकीत टाकू नका एवढंच.

प्रश्न: प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीत लिटरभर ठेवलं तर चालतं का? गाडीत ठेवायला बरं पडतं.

नाही. ती बाटली पेट्रोलसाठी केलेली नाही, झाकण वाफेचा दाब धरत नाही, आणि घरातलं लहान मूल तिला पाण्याची बाटलीच समजणार. मोठी माणसंही समजतात, त्यात काही विशेष नाही. गाडीच्या बंद डिकीत पेट्रोलची वाफ साठली की पुढचं तुम्हाला माहितीये.

कॅन पेट्रोलसाठी बनवलेलाच घ्या, जाड एचडीपीई प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा. दोन्हीत माझी आवड पत्र्याचा, कारण प्लॅस्टिकच्या भिंतीतून वाफ अगदी सावकाश का होईना झिरपते, वर्षभरात फरक पडतो. तांब्यापितळेचं भांडं तर नकोच नको, तांबं त्या सडण्याच्या साखळीला हवा देतं, इतकं की रिफायनरीत मुद्दाम धातूला गप्प बसवणारं रसायन टाकतात. तो बाजूला इंग्रजी एक्स अक्षर उमटवलेला २० लिटरचा जेरीकॅन असतो ना, तो जर्मन सैन्यासाठी १९३७ मध्ये तयार झाला आणि जेरी हे ब्रिटिश सैनिकांनी जर्मनांना ठेवलेलं नाव. त्या एक्सचं काम असं की उन्हात पेट्रोल फुगलं की पत्रा थोडा फुगू शकतो. वर तीन मुठी आहेत, भरलेला कॅन एकट्याने किंवा दोघांत मिळून उचलता येतो आणि रिकामे असतील तर एका हातात दोन. इतक्या वर्षांत त्यात सुधारणा करायचे जेवढे प्रयोग मी बघितलेत त्यातले बहुतेक गळतात.

फुगण्यावरून आठवलं. पेट्रोल एका अंशाला जवळजवळ हजारात एक एवढं वाढतं. सकाळी गारव्यात २० लिटर काठोकाठ भरलं आणि दुपारी तापमान २० अंशांनी वाढलं तर ते जवळपास ४०० मिलिलिटर जास्त जागा मागतं. म्हणून वर पाच ते दहा टक्के जागा सोडायची. त्याहून जास्त मोकळं ठेवलं तर हवा जास्त, म्हणजे ऑक्सिजन जास्त.

भरताना कॅन जमिनीवर ठेवून भरा, गाडीतल्या गालिच्यावर किंवा प्लॅस्टिकच्या तळावर ठेवून नको, स्टॅटिकची एक ठिणगी पुरते. नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं ठेवा.

प्रश्न: स्टॅबिलायझर टाकलं की दोन वर्षं चिंता नाही असं बाटलीवर लिहिलंय. तुम्ही त्याच्याबद्दल कधी चांगलं बोलत नाही. का?

बोलते की. ताज्या पेट्रोलमध्ये टाकलं तर ते काम करतं. ते म्हणजे मुख्यतः जास्तीचं अँटिऑक्सिडंट, वर सांगितलं तो राखणदार अजून काही महिने तग धरतो. बाटलीवरचं माप पाळा, दुप्पट टाकून दुप्पट टिकत नाही.

माझी तक्रार वापरण्याच्या वेळेबद्दल आहे. लोक पेट्रोल सहा महिने पडू देतात, इंजिन रुसलं की मग बाटली आणतात. ज्याचा गम झालाय त्याचं परत पेट्रोल होत नाही हो. दुसरं म्हणजे हलका भाग उडालेला असेल तर स्टॅबिलायझर तो कुठून आणणार, उडण्यावर इलाज फक्त घट्ट झाकण. आणि पाणी वेगळं होऊन बसलेलं असेल तर त्याच्यावरही ते काही करू शकत नाही.

टाकायचंच असेल तर पंपावर जाताना कॅनमध्ये आधी टाका आणि वरून पेट्रोल भरा, आपोआप मिसळतं. मशीनच्या टाकीत टाकलंत तर नंतर इंजिन पाच दहा मिनिटं चालवा, नाहीतर टाकीत औषध आणि कार्बोरेटरमध्ये (इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) तेच जुनं पेट्रोल अशी गत होते, आणि आजारी पडतो तो कार्बोरेटरच.

थोडे जास्त पैसे मोजायची तयारी असेल तर काही देशांत छोट्या मशीनसाठी अल्किलेट पेट्रोल मिळतं, त्यात इथेनॉल नाही आणि ओलेफिन जवळपास नाहीत, म्हणजे ऑक्सिजनला पकडायला जागाच नाही. बंद डब्यात ते काही वर्षं आरामात राहतं. वर्षातून चार वेळा चालणाऱ्या चेनसॉला ते महाग पडत नाही, कारला भरायला मात्र वेडेपणा.

प्रश्न: बाइक आठ महिने उभी होती. टाकीत ताजं पेट्रोल घातलं, बॅटरी नवीन, प्लग नवीन, तरी स्टार्ट घेत नाही. चोक ओढला की चालू होते, चोक सोडला की बंद. मेकॅनिक म्हणतो इंजिन उघडावं लागेल.

थांबा, इंजिन उघडू नका. चोकवर चालते आणि चोक सोडला की मरते म्हणजे तुमचा पायलट जेट बंद झालाय, मी बघितल्याशिवाय सांगते.

कार्बोरेटरच्या खाली जी वाटी असते तिच्यात दोनतीन घोट पेट्रोल उभं असतं आणि ती हवेला उघडी असते. गाडी उभी राहिली की त्यातला हलका भाग काही आठवड्यांत उडून जातो आणि जे राहतं ते आटत आटत सगळा गम त्या वाटीत सोडून जातं. पायलट जेट म्हणजे करंगळीच्या नखाएवढा पितळेचा तुकडा, त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, जेटवर ३८ आकडा असेल तर बऱ्याच कंपन्यांत त्याचा अर्थ ०.३८ मिलिमीटर. त्यात किती गम मावणार? आयडलिंगचं, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू असतानाचं, सगळं पेट्रोल त्या भोकातून जातं. चोक ओढल्यावर दुसऱ्या वाटेने जास्त पेट्रोल मिळतं म्हणून गाडी चालते.

वाटी उघडा, तळाशी हिरवट तपकिरी थर असेल. पायलट जेट काढा आणि उजेडाकडे धरून बघा. गोल स्वच्छ टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर अर्धा बंद आहे. आणि तार घालू नका! मी अठरा वर्षांची असताना बाबांच्या गॅरेजमध्ये एका जेटमध्ये प्लग साफ करायच्या ब्रशची स्टीलची तार घुसवली, भोक झालं साफ, मी खूश, आणि ती गाडी त्यानंतर आयडलला काळा धूर काढायला लागली कारण पितळ मऊ असतं आणि मी ते भोक मोठं करून ठेवलं होतं. बाबा काहीच बोलले नाहीत, नवीन जेट आणून माझ्या हातात ठेवला आणि जुना माझ्या टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवला. अजून आहे तिथे. तर कार्बोरेटर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा, मग दाबाची हवा मारा, डोळ्यांना गॉगल लावून.

पुढच्या वेळी गाडी महिन्याभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा आणि वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून ती कोरडी करून ठेवा. कॉक बंद करून गाडी बंद पडेपर्यंत चालवली तरी चालतं पण तळाशी थोडं राहतंच. टाकी पत्र्याची असेल तर एकतर जवळजवळ भरून ठेवा नाहीतर पूर्ण रिकामी, अर्धी ठेवली की वरच्या उघड्या पत्र्याला गंज धरतो. इंजेक्शनच्या गाड्यांना हा त्रास बराच कमी, कारण त्यांचं सगळं बंदिस्त असतं, पण वर्षभर उभी ठेवलीत तर त्यांचा पंप आणि इंजेक्टरही गमला माफ करत नाहीत.

प्रश्न: टू स्ट्रोक मशीनसाठी तेल मिसळलेलं पेट्रोल उरलंय, चार महिने झालेत. वापरू?

नको. मिसळल्यावर महिनाभरात संपवायचं. त्या मशीनचं वंगणच पेट्रोलमधून जातं, तिथे काटकसर केली तर पिस्टन धरेल. लागेल तेवढंच मिसळा, आणि हा उरलेला कॅन कारच्या टाकीत रिकामा करू नका.

प्रश्न: गारव्यात जास्त टिकतं म्हणता, मग जुन्या फ्रिजमध्ये छोटा कॅन ठेवला तर?

हा प्रश्न तिघांनी विचारलाय म्हणून छापतेय, नाहीतर फोनच करणार होते. अजिबात नाही, आज नाही, कधी नाही. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली ४० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे फ्रिजमध्येच काय डीप फ्रीझरमध्ये सुद्धा ते पेट घेण्याएवढी वाफ सोडतं. हवेत जेमतेम दीड टक्का वाफ झाली की ठिणगीची वाट बघणारं मिश्रण तयार, आणि फ्रिज म्हणजे बंद पेटी, आत थर्मोस्टॅट, दिव्याचं बटण, हे दर थोड्या वेळाने छोट्या ठिणग्या पाडणारं सामान. स्फोटात दार उडतं.

वाफ हवेपेक्षा तीनचार पट जड असते हेही लक्षात असू द्या. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि पाच दहा पावलांवरच्या गिझरच्या पायलट ज्योतीला जाऊन भेटते. म्हणून राहत्या घरात, तळघरात, जिन्याखाली ठेवायचं नाही. घरापासून वेगळी, हवा खेळती असलेली, कुलपाची जागा, शेजारी पावडरचं किंवा फोमचं अग्निशामक. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारू नका, ते पाण्यावर तरंगत आणखी पसरतं. आणि घरी किती लिटर ठेवता येतं याला जवळपास सगळीकडे कायद्याची मर्यादा आहे, ती आधी विचारून घ्या, विमावाले नंतर तेच विचारतात.

प्रश्न: मग खराब झालेल्या १५ लिटरचं करू काय? गटारात सोडू का थोडं थोडं?

गटारात वाफ साठते आणि कुठल्यातरी दुसऱ्याच्याच झाकणाखाली फुटते. जमिनीवर ओतलंत तर विहिरीत उतरतं. नाही.

चारपाच महिन्यांचं, स्वच्छ दिसणारं, पाण्याची रेघ नसलेलं असेल तर ते नुसतं हलका भाग गेलेलं पेट्रोल आहे, कारच्या जवळपास भरलेल्या ताज्या टाकीत थोडं थोडं मिसळा, एका वेळी दहा टक्क्यांच्या वर नको. ४० लिटरला ४ लिटर म्हणजे १५ लिटर चार टाक्यांत संपलं. लाल झालेलं, वास मारणारं किंवा पाणी सुटलेलं असेल तर ते वाचवायच्या भानगडीत पडू नका, घातक कचरा घेणाऱ्यांकडे किंवा जुनं तेल गोळा करणारं गॅरेज पेट्रोल घेत असेल तर विचारून त्यांच्याकडे द्या.

आणि टाकीतून काढताना नळी तोंडाने ओढू नका. पोटात गेलं त्यापेक्षा चुकून फुफ्फुसात गेलं ते वाईट, एका घोटावर न्यूमोनियासारखा आजार होतो. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करवू नका, उलटीतच ते फुफ्फुसात जायची भीती जास्त, सरळ दवाखाना. हातपंप मिळतो, तो घ्या.

प्रश्न: पेट्रोल एवढं लवकर खराब होतं तर देश वर्षानुवर्षांचे साठे कसे करतात? (अकरावीतली वाचक)

छान विचारलंस. ते बहुतेक पेट्रोल साठवतच नाहीत, कच्चं तेल साठवतात. अमेरिकेचा मोठा साठा १९७५ च्या कायद्याने सुरू झाला, तो जमिनीखालच्या मिठाच्या गुहांमध्ये कच्च्या तेलाच्या रूपात आहे, आणि कच्चं तेल वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी फारसं बिघडत नाही कारण ते दुहेरी बंधवाले ओलेफिन क्रॅकिंगमध्ये, म्हणजे रिफायनरीतल्या त्या तोडफोडीत, जन्माला येतात, कच्च्या तेलात ते जवळपास नसतातच. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या भागात पेट्रोलसाठी रांगा लागल्या, म्हणून त्यांनी २०१४ मध्ये तयार पेट्रोलचा १० लाख बॅरलचा वेगळा साठा करून बघितला आणि २०२४ मध्ये तो विकून टाकला. तयार इंधन साठवायचं तर ते फिरवत ठेवायला लागतं, जुनं विकायचं, नवीन भरायचं, म्हणजे वरच्या तीन कॅनवाल्या काकांना सांगितलं तेच, फक्त कॅन मोठे.

प्रश्न: कॅनवर मार्करने तारीख लिहिली होती, पुसून गेली. आता कुठला जुना कळत नाही.

पेट्रोलच्या थेंबाने परमनंट मार्कर पण पुसला जातो, त्याची शाई असल्याच द्रवात विरघळते. पत्र्याची किंवा जाड प्लॅस्टिकची चकती घ्या, त्यावर खिळ्याने तारीख कोरा आणि कॅनच्या मुठीला तारेने बांधा. कॅन भरला की चकती बदलायची. मी दरवेळी महिना आणि वर्ष कोरते, आणि इथेनॉलवालं असेल तर मागे एक फुली.